पायऱ्या उतरताना मांड्या ठणकतात तेव्हा : स्वतःच्या हातांनी मालिश कशी करावी

रविवारी सकाळी बेलापूरची पारसिक टेकडी चढून उतरलात, घरी येऊन पोहे खाल्लेत, दुपारी मस्त झोप झाली. पाय थोडे जड वाटले, बाकी काही नाही. सोमवारी उठताना जरा ताठलेले. आणि मंगळवारी सकाळी सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारतीतून चार मजले उतरताना पायरीगणिक मांड्या ठणकतात, हातातला कठडा सोडवत नाही. चढताना तेवढं दुखत नाही, उतरतानाच जीव जातो. नव्याने चालायला, पळायला किंवा जिमला लागलेल्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. काही बिघडलंय असं समजून व्यायाम सोडून देणारेही याच मंगळवारी सोडतात, हे फार वाईट वाटतं.

या दुखण्यावर आपली आपण मालिश करता येते. तिला खर्च जवळजवळ नाही आणि शिकायला एक संध्याकाळ पुरते. मात्र पहिल्यांदा करणारे बहुतेक जण एकच चूक करतात: दुखऱ्या जागेवर जोर काढतात. इथे जोराचं काम नाही, सावकाशीचं आहे. ते कसं, हे समजायला आधी दुखतं कशामुळे ते पाहू.

दुखणं उशिरा का येतं

स्नायू दोन तऱ्हांनी काम करतो. आखडून वजन उचलतो, आणि लांबत लांबत तेच वजन सावकाश खाली सोडतो. या दुसऱ्या कामात त्याच्या धाग्यांवर ताण जास्त येतो. उतारावर पाऊल टाकलं की मांडीचा पुढचा स्नायू लांबत जातो आणि अख्ख्या शरीराला ब्रेक लावतो. पनवेलजवळच्या कलावंतीणच्या कोरीव पायऱ्या चढताना दम लागतो, पण पुढचे दोन दिवस लक्षात राहतात ते उतरण्यामुळे. जिममध्ये डंबेल वर नेताना नाही, तर हळू खाली आणताना हेच घडतं. पाम बीच रोडसारख्या सपाट रस्त्यावर पळणाऱ्यांच्या मांड्या त्यामानाने सुटतात, तिथे पोटऱ्या बोलतात.

या ताणाने बारीक तंतूंना इजा होते. मग शरीर दुरुस्तीला लागतं, तिथे थोडी सूज येते आणि आसपासच्या नसा हळव्या होतात. हे सगळं व्हायला वेळ लागतो. म्हणून दुखणं १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान कळसाला पोचतं आणि पाच-सात दिवसांत आपोआप जातं. स्नायूच्या आतल्या इजेमुळे असं उशिराचं दुखणं येतं, हे थिओडोर हफ या अमेरिकन शरीरक्रिया-अभ्यासकाने १९०२ मध्येच मांडलं होतं.

तरीही 'पायात लॅक्टिक ॲसिड साचलंय, रगडून काढ' हा सल्ला जॉगिंग ट्रॅकवर अजून ऐकू येतो. व्यायाम थांबल्यावर ते साधारण तासाभरात निघून जातं. मंगळवारच्या ठणक्याशी त्याचा संबंध नाही. ही नुसती पुस्तकी दुरुस्ती नव्हे. काहीतरी पिळून बाहेर काढायचंय असं डोक्यात बसलं की हात आपसूक जोर लावतो. खरं तर आपल्या हाताखाली आधीच दुखावलेले, सांधले जात असलेले धागे असतात. ते रगडले की इजेत भरच पडते.

मग मालिशने काय मिळतं? दुखणं कमी जाणवतं, ताठरपणा उतरतो, गुडघा-घोटा काही वेळ जास्त मोकळा वाकतो. व्यायामानंतरच्या उपायांची तुलना करणारा एक मोठा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९९ अभ्यास एकत्र तपासले होते आणि असं दुखणं व थकवा कमी करण्यात मालिश सगळ्यांत वर आली. पण मालिशने धागे लवकर जुळत नाहीत, गेलेली ताकद त्याच दिवशी परत येत नाही. पाय मोकळे वाटले म्हणून संध्याकाळी पुन्हा टेकडी गाठू नका.

हात लावण्याआधी एवढं तपासा

साधं दुखणं दोन्ही पायांत साधारण सारखं असतं, हात लावला किंवा हालचाल केली की दुखतं, स्वस्थ बसलं की शांत होतं. याहून वेगळं काही दिसलं तर मालिश करायची नाही.

एकाच पोटरीला सूज, ती दुसरीपेक्षा गरम किंवा लालसर, आणि पाय दुखतोय: आतल्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. ती चोळली तर सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. घरात बसून वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पळता पळता 'कट्' झाल्यासारखी अचानक चमक आली आणि नंतर ती जागा काळीनिळी पडली, तर स्नायू फाटला असू शकतो. तिथेही चोळणं बंद. पहिल्याच जबर व्यायामानंतर दंड किंवा मांड्या टम्म सुजल्या, हात-पाय उचलवेना आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायू विरघळून मूत्रपिंडावर भार येतोय असं समजा. थेट रुग्णालय गाठा.

आणि एक गोष्ट आपल्या पावसाची. साचलेल्या पाण्यातून चालत घरी आलात, काही दिवसांनी ताप, डोकेदुखी आणि पोटऱ्यांत जबर दुखणं सुरू झालं, तर ते व्यायामाच्या माथी मारू नका. लेप्टोस्पायरोसिसमध्ये पोटऱ्या अशाच दुखतात. ताप असताना मालिश नाहीच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पायांवर फुगलेल्या निळ्या शिरा असतील, मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बधिर तळपायाला दाब जास्त झालाय हे कळतच नाही.

शरीरावरच्या काही जागा कायमच्या वर्ज्य: गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्यामागचा खोलगट भाग. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा वरवर असतात. मणक्यांची रांग, नडगी आणि गुडघ्याची वाटी यांवरही दाब नको.

सामान

तेल खोबरेल घ्या किंवा तिळाचं. एका पोटरीला अर्धा चमचा, एका मांडीला एक चमचा, बस. आपल्या दमट हवेत जास्तीचं तेल अंगावर चिकट राहतं आणि घामोळ्या येतात. अगदी कमी तेलही वाईट: कोरड्या पायावर केसांच्या उलट दिशेने हात फिरला की केसांच्या मुळांशी दुसऱ्या दिवशी बारीक पुरळ उठतं. पायावर दाट केस असतील तर तेलाऐवजी पातळ सुती पायजम्यावरूनच मालिश करा. तेल कोमट करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नको, आणि आधी मनगटावर थेंब टाकून बघा.

लाटणं हे उत्तम हत्यार आहे. मध्ये फुगीर असलेलं न घेता सरळ घ्या आणि पायांसाठी वेगळं ठेवा. एक जुना टेनिस बॉल हवा. क्रिकेटचा लेदर बॉल नको, तो फार टणक. फोम रोलर, म्हणजे अंगाखाली घालून लोळायचा फोमचा दंडगोल, घेणार असाल तर पहिला रोलर गुळगुळीत आणि अंगठ्याने दाबल्यावर थोडा दबणारा असू द्या. उंचवट्यांचा, कडक रोलर नवशिक्याने घेऊ नये. मसाज गनची, म्हणजे स्नायूवर भराभर ठोके देणाऱ्या यंत्राची, सुरुवातीला गरज नाही. घरात असलीच तर सर्वांत हळू वेगावर, एका स्नायूवर एक-दोन मिनिटं, हाडापासून लांब.

पोटरी : इथून शिका

पोटरीपासून सुरुवात करा, कारण दोन्ही हात तिथे सहज पोचतात आणि दाबाचा अंदाज लवकर येतो.

चटईवर भिंतीला पाठ टेकून बसा. ज्या पायाला मालिश करायची त्याचा गुडघा उभा, तळवा जमिनीवर पूर्ण टेकलेला. पाय लांब करून बसलं की पोटरी आवळते आणि बोटं वरवर घसरतात. निम्म्या लोकांची मालिश इथेच फसते. गुडघा उभा असला की पोटरी सैल लोंबते. हाताने डावी-उजवी हलवून बघा, ती खरवसासारखी हलली पाहिजे. हलत नसेल तर तुम्ही नकळत पाय आवळून धरलाय. श्वास सोडा, टाच जमिनीवर टेकू द्या.

आता तेल दोन्ही तळव्यांवर पसरा आणि टाचेच्या वरून गुडघ्याच्या दिशेने तळवे ओढा. एका ओढीला चार-पाच सेकंद. गुडघ्यामागच्या घडीच्या दोन बोटं खाली थांबा, हात सैल करून परत खाली आणा. अशा आठ-दहा ओढी. या वेळी दाब इतकाच, जितका लहान बाळाचं अंग पुसताना देतो. इथे घाई झाली की पुढची सगळी मालिश बोचते.

मग मळणं. दोन्ही हातांचे अंगठे नडगीच्या दोन्ही बाजूंना मांसावर ठेवा, हाडावर नाही. चार-चार बोटं मागे पोटरीवर. तळवा आणि बोटं यांत मांस धरून हाडापासून किंचित उचला, दोन सेकंद धरा, सोडा. बोटभर वर सरका, पुन्हा तेच. पुरीची घट्ट कणीक तिंबतो तसं नाही, फुलक्यांची सैल कणीक हाताळतो तसं. खालून वर तीन फेऱ्या. पोटरीचा वरचा भाग दोन फुगवट्यांचा आहे, एक आतला, एक बाहेरचा. दोन्हींना वेगवेगळं धरा. खालच्या अर्ध्या भागात, कडांना, एक पसरट स्नायू असतो. सावकाश लांब पळणाऱ्यांचा तोच जास्त थकतो. त्याला मागून दाबून उपयोग होत नाही, दोन्ही कडांनी अंगठ्याने आत दाबावं लागतं.

मळताना एखादी जागा बाकीच्यांपेक्षा जास्त हळवी लागेल. तिथे दोन बोटांची पेरं ठेवा आणि हळूहळू दाब वाढवा. दहा पैकी चार-पाच इतकं दुखलं की थांबा. तेवढाच दाब २० ते ३० सेकंद धरून ठेवा आणि त्याच वेळी टाच जमिनीवर ठेवून चवडा आठ-दहा वेळा वर-खाली करा. बोटं स्थिर, स्नायू त्यांच्याखाली सरकतोय, असं व्हायला हवं. बहुतेकदा २० सेकंदांनी तोच दाब कमी दुखू लागतो. नाही झालं कमी, तर सोडून द्या आणि दुसऱ्या जागी जा. एका पोटरीत अशा दोनच जागा घ्या. आठ जागा शोधत बसलात तर दुसऱ्या दिवशी मालिशचंच दुखणं होईल.

दाब जास्त होतोय हे ओळखायची खूण श्वासात आहे. श्वास रोखला गेला, दात आवळले, पायाची बोटं वळली, की दाब उतरवा. अंग आवळलं म्हणजे स्नायूही आवळला. आवळलेल्या स्नायूवर कितीही कष्ट केले तरी हाती काही लागत नाही.

शेवटी पुन्हा पाच-सहा हलक्या ओढी. एका पायाला तीन-चार मिनिटं पुरतात.

हात दमले असतील तर एक सोपी युक्ती. पाठीवर झोपा, एक गुडघा उभा करा आणि दुखरी पोटरी त्या गुडघ्यावर आडवी टाका. पायाच्या वजनानेच पोटरी गुडघ्यावर टेकते. पाय सावकाश पुढे-मागे सरकवा, मिनिटभर. अंथरुणात, दिवा बंद करूनही होतं.

मांडीचा पुढचा भाग

उतारावर खरी झीज इथे होते, आणि स्नायू एवढा जाड की बोटांनी मळायला गेलात तर अंगठे आधी दुखतील. म्हणून इथे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात वापरायचा. खुर्चीत पुढे सरकून बसा, पाय थोडा लांब, टाच जमिनीवर. हाताची आतली मांसल बाजू गुडघ्याच्या चार बोटं वर ठेवा, अंगाचं थोडं वजन त्यावर टाका आणि जांघेच्या दिशेने सरकवा. जांघेच्या चार बोटं अलीकडे थांबा. सहा-सात वेळा.

मग तेल पुसून, कपड्यावरून लाटणं. तेलकट कातडीवर लाटणं फिरत नाही, घसरतं. दोन्ही टोकांना धरा, मनगट सैल, चपातीची कड पातळ करताना देतो तेवढाच दाब. मांडीचे मनातल्या मनात तीन पट्टे करा: मधला, बाहेरचा, आतला. प्रत्येक पट्ट्यावर खालून वर दहा-बारा फेऱ्या. आतल्या पट्ट्यावर दाब निम्मा.

मांडीच्या अगदी बाहेरच्या कडेला, नितंबापासून गुडघ्यापर्यंत, एक टणक पट्टा लागतो. पळणारे त्याच्यावर रोलर घालून डोळ्यांतून पाणी काढतात. तो स्नायू नाही, जाड चिवट आवरण आहे. लाटून सैल होत नाही. त्याच्या किंचित पुढे, मांसावर काम करा.

फोम रोलर असेल तर कोपरांवर पालथे व्हा, रोलर एका मांडीखाली, दुसरा पाय बाजूला दुमडून जमिनीवर. अंगाचं वजन त्या मोकळ्या पायावर आणि कोपरांवर जितकं घ्याल तितका दाब कमी. वेग सेकंदाला एक इंच. मनात आकडे मोजा, कारण सगळेच याच्या चौपट वेगाने सरकतात. हळवी जागा आली की तिथे थांबून गुडघा चार-पाच वेळा सावकाश वाकवा. एका मांडीला ६० ते ९० सेकंद. कंबर खाली पडू देऊ नका, नाहीतर मांडी सुटेल आणि कंबर धरेल. कमरेखाली रोलर घालून लोळायचं तर नाहीच.

बाकीच्या जागा

मांडीच्या मागच्या भागासाठी लाकडी खुर्ची आणि टेनिस बॉल. बॉल मांडीखाली ठेवून बसा आणि गुडघा दहा वेळा सरळ करा, मग बॉल दोन बोटं सरकवा. नितंबासाठी बॉल भिंत आणि नितंबाचा वरचा बाहेरचा भाग यांच्यामध्ये धरून गोल गोल फिरा. पायात मुंग्या किंवा वीज गेल्यासारखं झालं तर बॉल नसेवर आलाय, लगेच हलवा. तळपाय बॉलवर एक-दोन मिनिटं फिरवला की पुरे. पाठीच्या वरच्या भागासाठी मोज्यात दोन बॉल घालून गाठ मारा आणि भिंतीला टेका. मणके दोन बॉलच्या मधल्या फटीत आले पाहिजेत. दंड आणि छाती दुसऱ्या हाताने, पोटरीसारखीच, त्याहून हलकी.

कोणत्या दिवशी किती

व्यायाम संपल्यावर लगेच लोळू नका, दहा मिनिटं साधं चाला. त्या संध्याकाळी फक्त हलक्या ओढी, एका पायाला दोन-तीन मिनिटं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे सोमवार-मंगळवारी, सकाळ-संध्याकाळ पूर्ण क्रम, दोन्ही पाय मिळून १५ मिनिटांच्या आत. कोमट पाण्याने अंघोळ केल्यावर स्नायू आधीच सैल असतात, तेव्हा मालिश सोपी जाते. पण मग तेल न लावता कपड्यावरून करा. तेलाची मालिश अंघोळीआधी. मालिश झाल्यावर पाच मिनिटं घरातल्या घरात फिरा. दिवसभर बसून राहिलात तर सगळा ताठरपणा परत येतो.

तेलकट टाचांनी बाथरूममध्ये पाऊल टाकणं हा या सगळ्या प्रकारातला खरा अपघात. ओल्या टाइल्स आणि आधीच डगमगणाऱ्या मांड्या. मालिश जमिनीवर जुन्या चादरीवर करा आणि उठण्याआधी तळपाय फडक्याने कोरडे पुसा.

बाम लावायचा तर मालिश झाल्यावर, थोडा, आणि त्यावर गरम पाणी किंवा शेकाची पिशवी नको. कातडी भाजल्यासारखी लाल होते. हात साबणाने धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका. वेदनाशामक गोळी घेऊन मालिश करू नका. दुखणं दबलेलं असतं, दाब किती झाला ते कळत नाही, आणि सकाळी मांडीवर निळे डाग दिसतात. डाग पडले तर त्या जागी चार-पाच दिवस हात लावायचा नाही आणि पुढच्या वेळी दाब निम्मा करायचा. त्या डागांना कुणी 'मालिश लागू पडली' म्हणालं तरी ऐकू नका.

पुन्हा टेकडीवर कधी जायचं, हे बसून किंवा मांडी दाबून कळत नाही. घरातल्या जिन्यावर एक पाय वरच्या पायरीवर ठेवून दुसरा अगदी सावकाश खालच्या पायरीवर टेकवा, मनात चार आकडे मोजत, कठडा न धरता. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा. मांडी थरथरली किंवा पाय धपकन पडला तर आणखी एक-दोन दिवस सपाटीवरच चाला. नीट जमलं तर रविवारी निघा. त्याच उताराने दुसऱ्या खेपेला स्नायू पहिल्याइतके दुखत नाहीत, ते त्या ताणाला सरावतात. तरी या वेळी उतार लहान लहान पावलांनी आणि पळत न सुटता उतरा.